पंधरा मिनिटं वाहतं पाणी

चाळकऱ्यांनो, ताजं आहे तोवर फळ्यावर लिहून टाकतोय.

आज दुपारी आपल्या विक्रोळीच्या चाळीत एक परदेशी डॉक्टर आले होते. जगातून रेबीज घालवायचाय म्हणे. दुभाषी मी. म्हणाले, "कुत्रा चावला की जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा."

तेवढ्यात चाळीच्या मोत्याने त्यांचीच पोटरी धरली. साहेब नळाकडे धावले. नळ कोरडा.

मग काय, बायकांनी घरात भरून ठेवलेले हंडे आणून त्यांच्या पायावर ओतले. पुरी पंधरा मिनिटं.

इंजेक्शनाला निघताना साहेबांनी हात जोडले. मालवणी काकू मला म्हणाल्या, "तेंका सांग, पुढच्या टायमाक पहाटे येवा. तेव्हा कुत्रोय असता नि नळाक पाणीय असता."

ह्याचं इंग्रजी कुणाला येतं? खडू खाली ठेवलाय.