पोह्यांऐवजी ज्वालामुखी

आमच्या भंडाऱ्याकडं पोरगी पाहायला येतात म्हणजे पोहे होतात, चहा होतो, आणि पाहुणे मिशा पुसत "कळवतो" म्हणून जातात. माझ्या भाचीनं असे बरेच पाहुणे पोह्यांसकट परत पाठवले. मग करडीकडचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याचा निरोप आला: पोहे नकोत, बपेऱ्यापुढच्या डोंगरात तंबू टाकून राहू, चालू, बोलू. तिथं म्हणे कुणालाच ठाऊक नसलेली ज्वालामुखीची दरी आहे. गुराखी अन् मोहफुलं वेचणाऱ्या बाया तिथं रोज जातात, पण त्यांना कुणात धरायचं!

भाऊ, म्हणजे पोरीचा बाप, म्हणाला, "बाई, तू जाय संगं. हे बी फिसकटलं तर मी आता कोणाच्या दारात जाणार नाही."

"अन् माहे गुडघे?"

"ते बी ने."

गेले. पोराजवळ कपाळाला बांधायची बॅटरी होती, दोर होते, आणि वारा नसला तरच पेटणारी शेगडी होती. रात्री तो आमच्याच पोळ्या अन् झुणका जेवला. तंबू दोन. आमच्या तंबूत मी दाराशी झोपले, ज्वालामुखी जागा झालाच तर आधी मला भेटावा म्हणून.

सकाळी चालायला निघालो. काळा दगड दिसला की पोरगा थांबे. "आत्या, हा लाव्हा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

"हो का? चांगला थंड झाला."

भाची गप्प. ती गप्प असली की मला धडकी भरते. आधीच्या पाहुण्यांसमोरही ती अशीच गप्प होती, आणि ते गेल्यावर नाही म्हणाली होती.

पोरगा ज्या वाटेनं नेत होता, तिच्यावर ताजं शेण होतं. ढोरांची वाट. मी बोलले नाही. जावई व्हायच्या आधीच माणसाला शहाणं करू नये.

वाट संपली तिथं पाणी. पोरानं हात पसरले. "हेच ज्वालामुखीचं मुख! यातच तळं साचलं!" मुखात चार म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या.

फोटो काढायला तो पाण्याकाठच्या मातीच्या पाळीवर चढला. पलीकडं धानाच्या बांध्या, आणि पाळीतून पाणी सोडायचा सिमेंटचा पाइप. तो थबकला. मी वाट पाहू लागले, आता ज्वालामुखीला पाइप कोणी बसवला ते सांगेल. आमच्या ह्यांनी एकदा मला तुमसरऐवजी साकोलीच्या गाडीत बसवलं होतं. साकोलीलाच काम होतं, असं ते अजून सांगतात.

पोरगा खाली उतरला, सरळ भाचीजवळ गेला. "माझं चुकलं. ही शेताला पाणी द्यायची बोडी आहे. रस्ताही चुकलाय, आणि आता कुठून जायचं ते मला माहीत नाही."

भाची खळखळून हसली. "या इकडून," म्हणून पुढं झाली. तो मुकाट मागं.

थोड्या वेळानं ती माझ्यासाठी थांबली. हळूच म्हणाली, "आत्या, बाबाले होय म्हणून सांग."

"अवो, त्याले बोडी ओळखू येत नाही!"

"येईल. पण चुकलो म्हणणारा कुठं भेटते?"

मला तर अजून भेटला नाही.

बपेऱ्याला रेंज आली तसा भावाला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, खरंच होय म्हणाली? तिनं सोता म्हटलं?"

मी फोन भाचीच्या हातात दिला.