मंगळवारी फोन कपाटात

मी वेल्हे तालुक्यात नर्स होते. पासलीच्या पुढं डोंगराला लागून आमचं उपकेंद्र होतं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत मी. नवरा शिवऱ्याला हायवेवरच्या गॅरेजात कामाला आणि मुलगा सासूबाईंजवळ भोरला. शनिवारी दुपारची एसटी पकडून मी घरी जायची, सोमवारी सकाळी परत यायची. पंधरा वर्षं असंच चाललं.

माझ्याकडं सहा वाड्या होत्या. प्रत्येक वाडीचा वार ठरलेला. सगळ्यात लांब म्हणजे वरचा धनगरवाडा, उभ्या चढणीनं दोन तास. तिथं मी एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी जायची. खांद्याला लसीचा डबा, पिशवीत गोळ्या, बीपीचं मशीन आणि भाकरी. वाड्यावर दहा-बारा घरं. तिथल्या बायका आपणहून काही सांगायच्या नाहीत. दिवस गेले तरी चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत नवऱ्यालाही नीट सांगत नसत, तिथं मला कोण सांगणार? पण तिथं एक सुईण होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. मी ओसरीवर टेकले की त्या ताकाचा तांब्या पुढं ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "त्या कडच्या घरात जाऊन या. तिनं दोन दिस हंडा डोईवर न्हाई घेतला, कमरंवर घेतीया." मी जाऊन बघावं तर ती बाई खरोखरच तीन महिन्यांची असायची.

माझं निम्मं काम असं मावशींच्या ओसरीवर बसून झालं.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी माझ्याकडं मोबाईल आला. नवऱ्यानं घेऊन दिला. म्हणाला, "आठवडाभर तुझा पत्ता नसतो. पोराला बरं नसलं तर कुणाला सांगायचं?" त्याचं चूक नव्हतं. उपकेंद्रात रेंज फक्त मागच्या खिडकीत, तीही उजव्या कोपऱ्यात. मी तिथं खिळा ठोकला आणि फोन पिशवीत घालून खिळ्याला अडकवला. पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-सहा वेळा तरी कुणाचा फोन आलाय का ते बघायला जायची. महिन्याभरात झोपताना उशाशी आणि जेवताना ताटाजवळ. लाईट गेली की मला चार्जिंगची काळजी लागायची, लसींच्या फ्रिजची नंतर.

खालच्या वाड्यांत दुकानदाराकडं, अंगणवाडीच्या बाईंकडं, सरपंचांकडं फोन आले. "बाई, हितं एका पोराला ताप हाय." "बाई, विंचू चावलाय, या लवकर." मी लगेच निघायची. लोक खूश, मी खूश, आमचे डॉक्टरसाहेबही खूश. वार पाळून उगाच पायपीट करण्यापेक्षा जिथं गरज तिथं जावं, हे मला फार शहाणपणाचं वाटायला लागलं. फोन आला नाही म्हणजे सगळं बरं आहे. हे वाक्य मी मोठ्यानं कधी म्हटलं नाही, पण मी त्यावरच चालत होते.

धनगरवाड्यावर मी सगळ्यांना नंबर दिला. म्हणजे काय, मावशींना दिला. लसीकरणाच्या जुन्या कार्डाच्या मागं पेनानं लिहिला आणि म्हटलं, "वाड्यावरच्या दूधवाल्यानं फोन घेतलाय ना? त्याला खिंडीत रेंज मिळते. काही लागलं तर मला फोन करा मावशी, मी येते."

मावशींनी कार्ड उलटं धरलं, सुलटं धरलं. मग विचारलं, "आन न्हाई लागलं तर?"

मी हसले. "नाही लागलं तर चांगलंच की."

त्यानंतरचा माझा मंगळवार पावसानं चुकला. पुढचा मीटिंगमुळं. त्याच्या पुढचा मला नीट आठवत नाही, काही कारण नव्हतं बहुतेक. फोन आला नव्हता एवढंच. असे पाच महिने गेले.

मग पोलिओचा डोस आला. केंद्रावर न आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन डोस द्यायचा असतो, त्यामुळं वर जाणं भागच होतं. थंडीचे दिवस, सकाळचं कोवळं ऊन. चढताना दम लागला तेव्हा मला लाज वाटली. पूर्वी मी ही चढण कुठं न थांबता चढायची.

वाड्यावर पोहोचले तर मावशी ओसरीवर उभ्या. त्यांनी ताक आणलं नाही, "या" म्हणाल्या नाहीत. एकदम म्हणाल्या, "आलात व्हय? चार टायमाला फोन केला तवा आलात."

"कुणाला फोन केला?"

"तुमाला! आनि कुणाला?"

"मला नाही आला मावशी."

"आवं, तुमी न्हाई, ती दुसरी बाई उचलती. लई गोड बोलती. तिला सांगितलं म्या सम्दं. सुनंचं पाय सुजल्यात, तोंड सुजलंय, डोकं दुकतंय, नर्सबाईस्नी लावून द्या. निरोप पोचला म्हून खाली मानूस न्हाई धाडला. चार बारीला सांगितलं. ती आपली दर बारीला तेच तेच म्हनती, काय तरी कुरपया कुरपया. म्या म्हनलं, आगं बाई, कुरपया न्हाई, माजं ऐकून तरी घे!"

मला क्षणभर काहीच कळेना. मग कळलं आणि मी नंबरचं कार्ड मागितलं.

मावशींनी कार्ड आणून दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. अक्षर माझंच होतं. शेवटचे दोन आकडे मी उलटसुलट लिहिले होते. फोन नवा होता, नंबर पाठ नव्हता, आणि लिहून झाल्यावर मी तो एकदाही ताडून बघितला नव्हता. दूधवाला कार्डावरचे आकडे बघून बटणं दाबायचा आणि फोन मावशींच्या हातात द्यायचा. मावशी आयुष्यात पहिल्यांदाच फोनवर बोलत होत्या. पलीकडं बाई बोलते आहे म्हणजे ती ऐकतही असणार, नाहीतर कोण कशाला बोलेल? हा क्रमांक अस्तित्वात नाही, कृपया तपासून पहा, असं सांगणाऱ्या त्या आवाजाला ही म्हातारी खिंडीतल्या वाऱ्यात उभी राहून आपल्या सुनेचं दुखणं सांगत होती. चार वेळा.

"सून कुठाय?" मी विचारलं.

आत अंधारात ती पडली होती. विशीची असेल. माझ्या वहीत तिचं नावच नव्हतं. मी शेवटची आले तेव्हा तिला जेमतेम दोन महिने झाले असतील. आता आठवा लागत होता. तोंड सुजून डोळे बारीक झालेले. मी बीपी घेतलं. एकशे सत्तर. माझा विश्वास बसेना, पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तेवढंच.

"डोळ्यांपुढं काही होतं का गं?"

"काजवं दिसत्यात," ती म्हणाली. "आन तुमी दोन दिसताय."

अशा बाईला कधीही फेफऱ्यासारखा झटका येऊ शकतो. हे मला पुस्तकातलं पाठ होतं, आणि नोकरीच्या सुरुवातीला एकदा मी ते डोळ्यांनीही पाहिलं होतं. आणि मी काय केलं? आज सांगतानाही कसंतरी होतं. मी फोन काढला आणि खिंडीकडं पळाले. जीप बोलवायची, डॉक्टरांना सांगायचं, तालुक्याला कळवायचं, सगळं एकदम डोक्यात. खिंडीत एक काडी रेंज यायची, जायची. मी फोन डोक्यावर धरला, दगडावर चढले, तोंड इकडं केलं, तिकडं केलं. दोनदा लागला आणि "हॅलो हॅलो"मध्येच तुटला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अर्धा तास तरी गेला असेल.

परत आले तेव्हा घरासमोर डोली तयार होती. बांबूला घोंगडी बांधलेली, आत सून डाव्या कुशीवर निजवलेली. मीच मागं कधीतरी मावशींना ते डाव्या कुशीचं सांगितलं होतं. चार गडी उभे.

"लागला का फोन?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"ऱ्हाऊ द्या. तुमी तिकडं पळालात तवाच म्या हिच्या दीराला खाली धाडलाय जीप आनायला. आपुन उतरूस्तवर ती रस्त्याला लागंल."

आणि लागली. आम्ही दीड तासात उतरलो आणि जीप रस्त्यावर उभी होती. उतरताना माझा हात चार-पाच वेळा तरी पिशवीकडं गेला. एका वळणावर फोन बघत चालताना माझा पाय घसरला आणि डोलीला धक्का बसला. पुढचा गडी ओरडला, "बाई, हिकडं बघा की!" तिथं मी फोन बंद करून डब्यात टाकला.

तालुक्याच्या दवाखान्यातून तिला पुढं पुण्याला पाठवलं. जीपमध्ये हायवेला लागल्यावर तिला झटका आला. मी तिची जीभ चावली जाऊ नये म्हणून धडपडत होते आणि मावशी तिचे पाय घट्ट धरून तिच्या नावानं हाका मारत होत्या. पुण्याला पोहोचल्यावर लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. ती महिनाभर काचेच्या पेटीत राहिली आणि जगली. सुनेची नजर आठ दिवस अंधुक होती. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले तर आवाजावरून ओळखून म्हणाली, "बाई, पोर काळी हाय का गोरी, कुणी सांगंना मला." पुढं नजर आली तिची. पण त्या आठ दिवसांत मी जेवले ते नावाला.

मावशींनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. मी होऊन म्हटलं, "नंबर मी चुकीचा लिहिला होता मावशी. ती बाई म्हणजे खरी बाई नव्हती, मशीन होतं."

त्या म्हणाल्या, "मशीन? आन म्या तिला पोरीबाळी इचारल्या!"

त्यांना हसू फुटलं. मला नाही.

त्यानंतर मी वार पुन्हा धरले. खिळा उपटून टाकला. मंगळवारी निघताना फोन बंद करून औषधांच्या कपाटात ठेवायचा आणि किल्ली अंगणवाडीच्या बाईंकडं द्यायची, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. दारावर कागद लावला: आज कुठल्या वाडीत, कुठल्या वाटेनं. ज्याला गरज असेल त्यानं माणूस पाठवावा. डॉक्टरसाहेब वैतागले. "लोक फोनसाठी रडतात आणि तुम्ही असलेला बंद ठेवता?" मी म्हटलं, "साहेब, ज्यांना फोन करता येत नाही त्यांच्याकडं जाते मी मंगळवारी." त्यांनी नाराजीनं मान हलवली, पण लेखी मेमो काही दिला नाही.

नवऱ्याला मात्र हे पटलं नाही. दोन महिन्यांनी त्याच्याच बाजूनं घडलं. मंगळवारीच. मुलगा भोरला शाळेच्या भिंतीवरून पडला, हात मोडला. नवऱ्यानं सकाळपासून फोनवर फोन केले. मी वाड्यावर त्या चिमुरडीचं वजन करत होते. संध्याकाळी कपाट उघडून फोन चालू केला, खिडकीत नेला, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला आणि कळलं. शेवटची एसटी गेलेली. दुधाच्या टेम्पोत बसून, दोन गाड्या बदलून भोरला पोहोचले. मुलगा प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून जागा होता. म्हणाला, "आई, तुझा फोन बंदच होता."

त्या रात्री मी ठरवलं होतं की पुरे झालं, उद्यापासून फोन जवळ ठेवायचा. सकाळी सासूबाई चहा देताना म्हणाल्या, "त्याला दवाखान्यात नेला, हात बांधला, खाऊ घातलं. तू असतीस तर यापेक्षा काय जास्त केलं असतंस? रडली असतीस." मग बशी पुढं सरकवून, "पण रडायला तरी यायला पायजे हुतंस."

दोन्ही खरं होतं. नवऱ्याशी बोलून आम्ही असं ठरवलं की मंगळवारी घरचा निरोप पासलीच्या दुकानदाराकडं द्यायचा आणि त्यानं दूधवाल्याबरोबर वर चिठ्ठी पाठवायची. नवरा म्हणाला, "चिठ्ठी! लोक काय म्हणतील?" तरी चिठ्ठ्या आल्या, वर्षभरात दोन. एकीत लिहिलं होतं, पोराचं प्लॅस्टर काढलं, हात सरळ आहे.

भोरहून आल्यावर मंगळवारच्या पहिल्याच फेरीला मी चढायला लागले तेव्हा फोन कपाटात होता आणि मला ते पक्कं माहीत होतं. तरी पहिल्या टेकाडावर मांडीजवळ तो थरथरल्यासारखा वाटला. मी थांबले. पिशवी उघडून आत हात घातला, गोळ्या बाजूला केल्या, भाकरीच्या फडक्याखालीही बघितलं. काही नव्हतं. मग पिशवी बंद केली आणि चढायला लागले, कारण वर दोन बायका गरोदर होत्या आणि मावशींनी सांगितल्याप्रमाणं त्यातली एक हंडा कमरेवर घेत होती.