आसरांच्या पायरीवर पहार

"आदी मला चिणा, मंग पायऱ्या बुजवा," म्हणत भागूबाई विहिरीच्या तळच्या पायरीवर मांडी घालून बसली. गवंड्यानं पहार खाली ठेवली.

रिह्याच्या खोऱ्यातली ही बारव, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायची जुनी विहीर. गाव म्हणे, पांडवांनी बांधली. तळाशी शेंदूर फासलेले सात दगड: साती आसरा, पाण्यातल्या देवी. बाळंतीण सव्वा महिन्यानं पाण्यात उतरून त्यांची ओटी भरते, तरच मूल जगतं, असा समज. भागूबाईची दोन नातवंडं गेली होती. तिसऱ्याची ओटी आजच होती.

आणि सून सखूच्या घोट्याला नारूचा फोड! नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत. फोड पाण्यात बुडाला की जंत पिलं सोडतो. ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं नवा जंत बाहेर पडतो. सगळं गाव हेच पाणी पीत होतं! मी आरोग्य खात्याचा प्रचारक. ओरडून घसा बसला होता.

सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणाले, "पोलीस बोलावतो. पायऱ्या बुजवून रहाट बसवायची ऑर्डर आहे."

"साहेब, पोलीस गेले की हेच लोक पायऱ्या उकरतील!"

सखू बाळाला छातीशी धरून वरच्या पायरीवर आली. मी आडवा आलो. "खाली उतरायचं नाही!"

"पोर ग्येलं तर तू देनार हाईस व्हय रं भरून?" भागूबाई कडाडली.

"आणि गाव लंगडं झालं तर तुमच्या आसरा देणार का?"

पाटील मध्ये पडले. "कौल लावा. आसरा वर यायला राजी असल्या तर दगड वर मांडू, मग पायऱ्या बुजवू."

माझं डोकं फिरलं. पाण्याचा निकाल फुलानं? पण सखू मला चुकवून आणखी एक पायरी उतरली. "लावा!" मी ओरडलो.

देवीच्या दगडाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आयांनो, वर येता का?" भागूबाईनं विचारलं.

डावी पडली.

गवंडी हत्यारं गोळा करू लागला. भागूबाईनं पडलेली पाकळी उचलून कपाळाला लावली.

"आया हितंच ऱ्हानार म्हंत्यात," ती म्हणाली. "मंग त्यांच्या घरात आपुन पाय कशाला घालायचा? सखू, तितंच थांब. ओटी दोरानं सोड."

ओटीची टोपली खाली आली. सखूचा पाय कोरडा राहिला. वर येऊन भागूबाई गवंड्यावर खेकसली, "बगतुयास काय? लाव दगड!"

पायऱ्या बुजल्या, कठडा झाला, रहाट बसला. पोर आता धावतंय. नारू हटला. इन्स्पेक्टरांनी रिपोर्टात लिहिलं, 'प्रचाराचा परिणाम.' साफ खोटं! माझ्या भाषणानं एक बाई जागची हलली नव्हती.

नव्या गावात हल्ली मी आधी विचारतो, "या विहिरीत राहतं कोण?"