जोडी पास करणारा माणूस

आमच्या मिस्टरांना कारखान्यात सगळे काकाजी म्हणत, आणि त्यांच्या शब्दाशिवाय तिथून एकही स्पीकर बाहेर पडत नसे. जाम गावच्या चौकापासून थोडं आत हा कारखाना आहे. तिथले स्पीकर मांडवातल्या भोंग्यांसारखे नव्हेत. दिवाणखान्यात ठेवायचे, सागाचा पापुद्रा चढवलेले, छातीएवढे उंच, आणि नेहमी जोडीनंच विकले जाणारे. यंत्रावर मोजमाप झालं की जोडी शेवटी मिस्टरांसमोर यायची. ते ऐकायचे आणि कार्डावर सही करायचे. यंत्र मोजतं, पण पास माणूस करतो, असं मालक प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत. तरुणपणी पवनारला लग्नाचे भोंगे लावणाऱ्या माणसाची सगळी ऐट त्या एका सहीत होती.

घरी मात्र त्यांना तीन हाका मारल्या तरी उत्तर मिळत नसे. मी हिंगणघाटला शाळेत विज्ञान शिकवते. चाळीस पोरांचा वर्ग माझ्या एका आवाजात गप्प होतो. ज्या माणसाला कारखान्यात स्पीकरच्या पोटातला ढिला स्क्रू ऐकू येतो, त्याला बायको ऐकू येत नाही म्हणजे तो मुद्दाम करतो, असं माझं पक्कं मत होतं. त्या रागावर मी कित्येक वर्षं काढली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या अकरा शिक्षकांना कारखाना दाखवायचं ठरलं. ठरवलं मीच. मिस्टरांची खुर्ची सहकाऱ्यांनी पाहावी, एवढीच माझी हौस. दाखवायला वडनेरची एक मुलगी होती, डिप्लोमा झालेली, बोलायला गोड, काखेत एक फाइल. तिनं लाकडाचे थर चिकटवून खोकं कसं बनतं ते दाखवलं, भिंगाखाली केसासारखी तार गुंडाळणाऱ्या बाया दाखवल्या. स्पीकरच्या खालच्या मोठ्या पडद्यातून जाड आवाज येतो आणि वरच्या बोटभर घुमटीतून बारीक, हेही समजावलं. आमचे गणिताचे सर प्रत्येक खोक्यावर टिचकी मारत होते, टरबूज घ्यायला आल्यासारखे.

शेवटी ऐकायची खोली. जाड भिंती, गालिचा, मधोमध एकच खुर्ची आणि तिच्यात मिस्टर. समोर पातळ काळ्या पडद्यामागं एक जोडी. मालकही आले होते, सोबत पुण्याचे एक गृहस्थ. या गृहस्थांनी घेतलेली जोडी त्याच सकाळी पास झाली होती आणि सही केलेलं कार्ड त्यांच्या खिशात होतं.

गणिताच्या सरांनी मिस्टरांसमोर उभं राहून विचारलं, एवढे तेज कान घरी कसे काय सांभाळता? मिस्टर म्हणाले, “घरी काढून ठेवतो, सर. हिचा रेडिओ सकाळपासून सुरू राह्यते.”

सगळे हसले. आमच्या मुख्याध्यापिका तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाहुण्यांसाठी तिथं एक खेळ ठरलेला होता. मुलगी पडद्यामागं जाऊन एका स्पीकरच्या बारीक आवाजाची तार काढायची आणि बाहेर येऊन भिंतीशी उभी राहायची. मग गाणं लागायचं, आणि कोणता स्पीकर बिघडवला ते मिस्टरांनी ओळखायचं. पहिल्यांदा ते म्हणाले डावा. बरोबर. दुसऱ्यांदा उजवा. तेही बरोबर. टाळ्या पडल्या.

पण दहावीच्या केंद्रावर मी वीस वर्षं पर्यवेक्षण केलेलं आहे. कोणाची नजर कुठं जाते हे मला आपोआप दिसतं. मिस्टर डोळे मिटून ऐकत, पण मुलगी बाहेर आली की क्षणभर उघडत. आणि तिची फाइल पहिल्यांदा डाव्या काखेत होती, दुसऱ्यांदा उजव्या.

मला सगळं एकदमच समजलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, इथंही नाही आणि घरीही नाही. इतकी वर्षं ते माझा अपमान करत नव्हते, बहिरे होत चालले होते. मला दया यायला हवी होती. मला आनंद झाला, पोराच्या बाहीत कॉपी सापडल्यावर होतो तसा.

तिसऱ्यांदा मुलगी पडद्याकडे निघाली तेव्हा मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, “तू इकडं माझ्यापाशी उभी राह. फाइल मले दे. या खेपेला तार मालकच काढतील.”

मालकांना गंमत वाटली आणि ते पडद्यामागं गेले. मुलीनं फाइल माझ्या हातात दिली. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मी तशीच पाहत राहिले.

गाणं लागलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, “उजवा.”

कोणी टाळी वाजवली नाही. मालकांनी दोन्ही स्पीकरच्या तारा काढल्या होत्या. गाणं घोंगडीखालून आल्यासारखं येत होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

मालक बाहेर येऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. “काकाजी, कब से?”

“चार वर्षं झाले, साहेब.”

पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, माझी जोडी यांनीच पास केली ना? यंत्राचं मोजमाप चोख आहे, जोडीत काहीही दोष नाही, असं मालक पुन्हा पुन्हा सांगत राहिले. गृहस्थांनी खिशातलं कार्ड काढलं आणि मिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. नाश्ता ठरलेला होता म्हणून आम्ही नाश्ता केला. तर्री-पोहे चांगले होते.

सोमवारी मुलीला कामावरून काढलं. मिस्टरांना पॅकिंगमध्ये टाकलं. खोक्यांना पट्टी चिकटवायला कान लागत नाहीत.

तोपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. म्हणाले, समोरच्याचे ओठ दिसले तर बरंचसं समजते, पाठमोरं बोललं तर काहीच नाही. त्या मुलीच्या बापालाही कमी ऐकू येतं, म्हणून तिनं आपणहून सांभाळून घेतलं होतं. मग त्यांनी विचारलं, “तुले समजलं होतं ना?”

मी मान डोलावली.

“मंग काऊन केलं तू? माह्याकडं पाहून सांग.”

उत्तर मला माहीत होतं. ते माझ्या माणसांसमोर मला हसले होते. आणि जो राग मी इतकी वर्षं जपला, तो फुकटचा होता हे मला सहन झालं नव्हतं. ते माझ्या ओठांकडे टक लावून होते. मी ओट्याकडे तोंड फिरवलं आणि सगळं खरं सांगितलं, एकही शब्द न गाळता. वळले तेव्हा ते अजून उत्तराची वाट पाहत बसले होते.