सड्यावरचा मंगळ

आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या तांबड्या कातळाच्या पठारावर, आता कुंपण आहे आणि मोठा फलक: ‘मंगळावर सुट्टी घालवा. ना झाड, ना माणूस, ना आवाज.’ आत पाहुण्यांसाठी पांढरे घुमट. काल कुंपणाशी थांबले, तर शेजारच्या सुनंदाकाकी उकिडव्या बसून कातळाच्या भेगांतलं गवत उपटत होत्या. पाहुण्यांच्या फोटोत हिरवं काही दिसता कामा नये, असा मालकाचा हुकूम.

माझं डोकंच फिरलं. याच गवतावर काकींच्या म्हशी वाढल्या. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं येतात, डबक्यांतले बेडूक रात्रभर ओरडतात. ते सगळं मारायचं आणि त्या ओसाडीची जाहिरात करायची. खऱ्या मंगळावर गवताचं एक पातं सापडू दे, हीच माणसं पेढे वाटतील.

“काकी, तुम्ही कशाला हे करता?” माझा आवाज चढलाच.

त्यांनी मूठभर गवत पाटीत टाकलं, मागे उभ्या मुकादमाकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “वरचं वर काढत्ये गो. मुळं तशीच ठेवत्ये.”