दुबईच्या फ्लॅटची चतुःसीमा

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. हजर : सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर आणि मी. ठिकाण : चाकणजवळच्या आमच्या घराचा ओटा. विषय एकच. कारखान्यांसाठी जमीन गेली, तिच्या पैशातले उरलेले दुबईतल्या फ्लॅटमध्ये घालायचे की नाही.

इमारत अजून उभी राहायची होती. दिरांनी मोबाइलवर चित्रं दाखवली, बाविसावा मजला आणि समोर निळा समुद्र. एजंटाला दुसऱ्या दिवशी टोकन हवं होतं.

मी भोसरीत एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. तपासल्याशिवाय माल आत घेत नाही. त्या सवयीने वहीत लिहून ठेवलं होतं : ताबा लांबला तर, भाडेकरू मिळाला नाही तर, वाद झाला तर तिथल्या कोर्टात कोण जाणार.

"वहिनी, तुम्ही लग्नात अक्षतासुद्धा मोजल्या असतील," दीर म्हणाले.

"मोजल्या होत्या. तुमच्या वाट्याच्या कमी भरल्या. तुम्ही आधीच पंगतीत जाऊन बसला होतात."

सासूबाईंनी मोबाइल जवळ ओढला. त्यांनी विचारलं, "उगवतीला कोण हाय?"

आमच्याकडे खरेदीखतात चारी बाजूंचे शेजारी लिहितात, आणि सहीआधी घरातलं कुणीतरी चारी बांध पायांनी फिरून येतं. दिरांनी स्वतः असे कितीतरी बांध तुडवलेत. समुद्र बघून तेवढंच विसरले.

त्यांनी एजंटाला स्पीकरवर घेतलं. पूर्वेला काय आहे?

"सी व्ह्यू आहे, सर."

आणि उत्तरेला?

"तिकडूनपण सी व्ह्यू, सर."

"चारी बाजूंनी पाणी व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "बेट घेतो का काय?"

माझा भाचा दुबईत इलेक्ट्रिशियन आहे. त्याला सुट्टी होती. संध्याकाळी त्याने जागेवरून व्हिडिओ कॉल केला. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, मोकळी वाळू आणि तीत याहून उंच, नव्या होणाऱ्या इमारतीची पाटी. "मावशी, समुद्र ह्या नव्या इमारतीच्या खिडकीत जाणार," तो म्हणाला.

दिरांनी मोबाइलवरची चित्रं बंद केली. मग एजंटाला कळवलं, टोकन मिळणार नाही.

भाचा मात्र फोन ठेवेना. "पूर्वेला रस्त्यापलीकडे बघा." तिथे शाळा होती आणि शाळेला लागून माणसं राहत असलेली जुनी, साधी इमारत. तिथला वॉचमन म्हणाला, एक फ्लॅट विकायचा आहे, आणि शाळेमुळे घरं फार दिवस रिकामी राहत नाहीत.

"ह्यात समुद्र न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "पण शेजार हाय."

मी वहीत त्या जुन्या इमारतीसाठी नवं पान उघडलं. दक्षिणेला शाळा, पश्चिमेला रस्ता, पूर्वेला वाण्याचं दुकान. उत्तरेला पत्र्याचं उंच कुंपण आहे, पलीकडचं दिसलं नाही. भाचा पुढच्या सुट्टीला तिकडून फिरून येणार आहे. तेवढी ओळ अजून भरायची आहे.