ओरेस्टच्या घरचा गोलकीपर

जून लागला की पाइन कूली गावातल्या आइस हॉकीच्या रिंकमधला बर्फ वितळवून टाकतात, पण हॉकीची चर्चा काही वितळत नाही. हिवाळ्यात निदान सामने तरी असतात, उन्हाळ्यात नुसती तोंडं. शेतावर फवारणीला जायच्या आधी चौघं पेट्रोल पंपावरच्या हॉटेलात जमायचे आणि बॅजर्स संघाची चिरफाड सुरू व्हायची. कुणाला काढायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं, सगळं हेच ठरवणार! जसा काही संघ ह्यांच्या तीर्थरूपांनी आंदण दिलाय.

त्या टेबलावर ओरेस्ट ह्नाटिउक कॉफी प्यायचा आणि गप्प बसायचा. एरवी माणूस बोलका. धान्याच्या कोठारावर जन्म गेला, येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याशी ह्याच्या गप्पा. पण बॅजर्समध्ये खेळायला बाहेरगावची पोरं येतात, ती गावातल्याच कुणाच्या तरी घरी राहतात, जेवतात. आणि संघाचा गोलकीपर ब्रेनन डिक तीन हिवाळे ओरेस्टकडे राहिला होता. ज्याच्या घरी खेळाडू, त्याने घरातलं बाहेर बोलायचं नाही, अशी तिथली रीत. पोरगं काय खातं, फोनवर कुणाशी भांडतं, हरल्यावर कसं रडतं, सगळं उंबऱ्याच्या आत.

बायको गेली तो हिवाळा ओरेस्टने काढला तो ह्या पोराच्या जिवावर. ब्रेननला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शेजारणींनी दिलेले पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्याच, उकळायचे, कांद्यावर परतायचे आणि म्हाताऱ्यासमोर ठेवायचे, एवढं तो शिकला. ओरेस्ट खाईपर्यंत उठायचा नाही. नातवंडं आजोबांना 'गीदो' म्हणायची, तेच ऐकून तोही म्हणायला लागला.

आता वयाच्या अटीमुळे त्याचं ज्युनियर हॉकीतलं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते कुठल्या संघात मिळालं तर पुढे काही आशा, नाहीतर हॉकी संपली, आणि बापासारखं तेलाच्या विहिरीवर राबणं. ब्रेनन सुट्टीला घरी गेला होता, आणि इकडे ओरेस्टचा जीव त्या एका वर्षात अडकला होता.

"चाळणी आहे रे पोरगं, चाळणी!" लॉयड म्हणाला. लॉयडचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, आणि आवाज ट्रॅक्टरच्या वरताण. "डाव्या बाजूला खाली मारा की गोल. माझी आईसुद्धा मारेल."

"मग तुझ्या आईलाच उभी करू गोलात," वेंडल म्हणाला. "तिला निदान डावीकडे सरकता तरी येतं. ह्याला मारा कुणाच्या तरी गळ्यात, बदल्यात एखादा बचावपटू येईल."

"बचावपटू? संघाच्या बसला दोन टायर मिळाले तरी देवाचे आभार मान!"

ओरेस्टने कपात बघत ढवळणं चालू ठेवलं.

"ते काही नाही," डेलोरिस म्हणाली. तिची प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेतली खुर्ची. "अंगात आळस भरलाय मेल्याच्या. शेवटच्या सामन्यात तर चक्क झोपला होता."

बस! ओरेस्टने कप आदळला.

"आळस? अगं, खुबा गेलाय त्याचा! मार्चपासून कठडा धरून जिना चढत होता माझ्या घरात. बर्फाच्या पिशव्या मी बांधत होतो. कोचला बोलला नाही, कुणाला बोलला नाही. म्हणे, संघ अडचणीत आहे. तसल्या पायावर उभा राहिला तो तुमच्यासाठी, आणि तुम्ही इथं बसून लचके तोडा त्याचे!"

लॉयडने टोपी काढली, उगाच परत घातली. डेलोरिस पार ओशाळली आणि आपली ॲपल पायची बशी ओरेस्टपुढे सरकवून म्हणाली, "खा रे. मला काय माहीत?" ओरेस्ट त्या दिवशी छाती काढून घरी गेला.

जिभेला कुठे हाड असतं! संध्याकाळपर्यंत ब्रेननचा खुबा गावभर झाला. वाईट म्हणून कुणीच सांगितलं नाही हो, जो तो हळहळून सांगत होता. ती हळहळ कुठून कुठे गेली, देव जाणे. आठवडा संपायच्या आत ब्रेननचा फोन आला.

"गीदो, मला संघातून काढून टाकलं. अल्बर्टा प्रांतातला एक संघ मला घेणार होता. आमच्या घरापासून जवळच. सगळं ठरलं होतं, नुसतं जाहीर करायचं बाकी. त्यांना कुठूनतरी खुब्याचं कळलं. ते नको म्हणाले, मग बॅजर्सनीही हात झटकले."

"पण तो बरा होईल ना रे?"

"सप्टेंबरपर्यंत होईल, म्हणाला डॉक्टर. पण आता कोण थांबतंय? इथे माझा पाय चोळतो त्या मसाजवाल्यानेच तोंड उघडलं असणार. तू आणि डॉक्टर सोडलात तर दुसरं कुणाला माहीत होतं?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता ओरेस्ट. त्याच्याने होईना.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

"तू? का?"

"तुला आळशी म्हणाले रे ते. मला ऐकवेना."

ब्रेनन अगदी हळू म्हणाला, "म्हणू द्यायचं होतंस ना, गीदो. ते रोजच म्हणतात. मी कधी मनावर घेतलं?"

"मी त्या अल्बर्टावाल्यांना फोन करतो. खोटं बोललो म्हणून सांगतो. पाया पडतो."

"नको. तू आता कुणाशी काही बोलू नकोस."

"बरं," ओरेस्ट म्हणाला.